नावाड्याचं आमंत्रण

१

मी तांता गावची. शाळेत गणित शिकवते आणि तोंडानं फटकळ आहे. दोन्ही गोष्टी गावभर ठाऊक आहेत. भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणाऱ्या बाया मला मुळीच खपत नाहीत, त्यामुळे हे सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण आता घरात मी आणि सासू, दोघीच असतो. ऐकून हसणारं कुणी उरलेलं नाही.

दर ऑगस्टला आम्ही दहा दिवस अलेक्झांड्रियाला जायचो. तांत्यातलं कोण जात नाही? ऑगस्टात आमच्या गावात माणूस शिजून निघतो. अनफूशी मोहल्ल्यात, कैतबेच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरचं तेच ते घर आम्ही दर वर्षी धरायचो. खाऱ्या वाऱ्यानं फुगलेली दारं, नळाला नावापुरती धार, गाद्यांत कुणाकुणाच्या उन्हाळ्यातली वाळू. तरी बाल्कनीत उभं राहिलं की बंदर दिसायचं, आणि शाळा, स्वयंपाक, सासू, सगळं अंगावरून उतरायचं.

त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी लुबनाचे गाल सुजले. लुबना माझी मुलगी, आठ वर्षांची, एकुलती एक. डॉक्टर म्हणाले, गालगुंड आहे, प्रवास नको, समुद्र तर नकोच नको. सासूबाईंना आम्ही सगळे नीना म्हणतो. नीना उसासा टाकून म्हणाल्या, "जा गं तुम्ही दोघं. मी आहे ना. मी बघते पोरीला."

आता या बोलण्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. समोरच्यानं म्हणायचं, "छे छे नीना, तुमच्या एकटीवर टाकून असं कसं जाऊ?" मग त्यांनी पुन्हा आग्रह करायचा, आपण पुन्हा नाही म्हणायचं, आणि शेवटी कुणीच कुठं जायचं नाही. मी म्हणाले, "बरं." आणि बॅग उचलली.

नीनांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लुबना हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधून दारात उभी होती. "आई, मी पाण्यात नाही जाणार. नुसती बघेन. मला ने ना," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले. वर्षभर या दहा दिवसांवर डोळा ठेवून मी दिवस काढले होते. मला जायचंच होतं, दुसरं काही कारण नाही.

जिन्यात माझा नवरा लुत्फी म्हणाला, "रावया, आई तोंडदेखलं म्हणाली होती गं."

"मग म्हणायचं नव्हतं," मी म्हणाले.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसले होते. समोरून एक टोपली खाली गेली. त्यात नवल काही नाही. जुन्या इमारती, लिफ्ट नाही, जिने उतरायचे कुणी? बायका दोरीला टोपली बांधून खाली सोडतात, खालचा वाणी वहीबचाचा तिच्यात पाव, चीज, साबण टाकतो, आणि टोपली वर जाते. ही टोपली वर जाताना आमच्या कठड्यासमोर थांबली. आत पावाशेजारी एक ताटली होती, दालचिनी भुरभुरलेली तांदळाची खीर.

"घ्या," वरून बाईचा आवाज आला. जरा बसका, बरेच दिवस न वापरलेला असावा असा. "कालच आलात. घ्या."

मी वाकून वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीचा तळ, त्याला आलेले गंजाचे डाग, आणि कठड्यातून बाहेर आलेला, दोरी धरलेला एक हात. ऊन डोळ्यांवर होतं, त्यामुळे हात तरुण की म्हातारा ते कळेना.

"मादाम, कशाला त्रास घेतलात? देव तुमचे हात सुखी ठेवो," मी म्हणाले.

खीर चांगली होती. लुत्फीनं दोन वाट्या खाल्ल्या. ताटली रिकामी परत करायची रीत नाही, म्हणून संध्याकाळी तिच्यात तळलेली मासळी घालून दिली. दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा आली, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात घेऊन. मग गप्पा सुरू झाल्या. ती वर, मी खाली, मधे दोरी. चेहरा दिसत नसला की माणूस जास्त बोलतं. आणि मी तर वर्षभराची तुंबलेली.

"मूलबाळ?"

"एक मुलगी. लुबना. गालगुंड झालंय, तिकडेच ठेवलीये."

"ठेवलीये," ती म्हणाली. मग म्हणाली, "हाक कशी मारता तिला?"

मला गंमत वाटली. मी हाक मारून दाखवली, शेवटचं अक्षर लांबवून, जशी मी जिन्यातून मारते तशी. वरून तिनं ती हुबेहूब परत मारली. मला हसू आलं.

सासूच्या चहाड्या तर मी पोटभर सांगितल्या. कांदा जाड चिरला तर नीना तीन दिवस बोलत नाहीत. चहात पुदिना आधी टाकायचा, नंतर टाकला तर कप सरकवून देतात. बिछान्याची चादर डोक्याकडून दुमडायची, पायाकडून नाही. ती मधेमधे विचारायची, "आणि मग? आणि तुम्ही तेव्हा काय म्हणता?" असं ऐकणारं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं.

लुत्फी बंदराच्या कट्ट्यावर गळ टाकून बसायचा. जाता जाता म्हणाला, "त्या बिचारीला तू आख्खी रावया पाठ करायला लावणार."

३

पावलं सोमवारी लक्षात आली.

जुन्या घरात वरच्यांची पावलं ऐकू येतात, त्याचं काय एवढं. पण मला मोजायची खोड आहे. पायऱ्या मोजते, फरशा मोजते, पोरांच्या वह्या मोजते. आमच्या स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत अकरा पावलं होती. मी अकरा चालले की वर अकरा वाजत. जरा मागाहून, एका पावलाच्या अंतरानं.

दुपारी सगळी गल्ली झोपलेली असताना मी मुद्दाम पाहिलं. सात पावलं टाकून थांबले. वर सातवं पडलं, आणि थांबलं.

"लुत्फी, वरची बाई माझ्या मागोमाग चालते," मी म्हणाले.

"तुझ्या डोक्यावर राहते ती. घराचा नकाशा तोच, स्वयंपाकघर तिथंच. तू चहा टाकतेस तेव्हा ती टाकते. लोकांना पाय असतात, रावया." आणि कूस बदलून घोरायला लागला.

खरंच होतं ते. मी स्वतःला तेच समजावलं. मंगळवारी पावलं मागाहून येईनाशी झाली. माझ्याबरोबर पडू लागली, इतकी नेमकी की वर कुणी नाहीच आणि माझाच आवाज छतावरून परत येतोय असं वाटावं. मी खोकले, तर वर खोकला. मी चप्पल काढून अनवाणी चालले. वर अनवाणी पावलं वाजली, मऊ.

त्या संध्याकाळी वहीबचाचाच्या दुकानातून मी घरी फोन लावला. दुकानात फोन होता, शेजारपाजारच्या सगळ्यांचं त्याच्यावरच चालायचं. लुबनाची सूज उतरत होती. "आई, समुद्र आहे का अजून?" ती म्हणाली.

"आहे. जातोय कुठं?"

"मग मला न्यायला ये ना. मी बरी झाले."

"सांगितलं ना, पुढच्या वर्षी," मी म्हणाले, आणि नीनांना द्यायला सांगितलं.

फोन ठेवून मी चाचाला विचारलं, "चौथ्या मजल्यावर कोण राहतं हो?"

"देव जाणे," तो चीज कापत म्हणाला. "टोपली येते, चिठ्ठी असते, मी सामान टाकतो. माझ्या आधी माझा बाप टाकायचा."

४

बुधवारी सकाळी मी बिछान्याच्या कडेला बसले होते. मनात म्हटलं, आज उलटं करू. बाल्कनीकडे पाच पावलं जायचं, गर्रकन वळायचं आणि न्हाणीघरात शिरायचं. कुणाला सांगितलं नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत.

मी उठायच्या आत वर पावलं वाजली. पाच. मग वळल्याचा आवाज. मग न्हाणीघराकडे.

मी बसल्या जागी बसून राहिले. अंगातला घाम पाठीवर गार झाला. पुष्कळ वेळानं डोकं चालायला लागलं, तेव्हा ठरवलं, हा शेजार आता पुरे. पण तोडायचं कसं? आमच्याकडची माणसं भांडायचं तर सोडाच, घाबरली की अधिकच गोड बोलतात. तिची ताटली माझ्याकडे होती. ती भरून परत करायची, चार शब्द बोलायचे, आणि नंतर बाल्कनीचं दार लावून घ्यायचं.

तांत्याहून आणलेले फुटाणे आणि तिळाचा हलवा मी ताटलीत रचला. दुपारी टोपली आली. ताटली आत ठेवून मी वर न बघता म्हणाले, "मादाम, आमच्या गावचा खाऊ. गोड मानून घ्या."

"तांत्याचा," ती म्हणाली. आवाज आता बसका नव्हता. स्वच्छ होता आणि ओळखीचा वाटत होता, पण कुणाचा ते ध्यानात येईना.

"हो. कधी आमच्याकडे या ना. घर तुमचंच आहे."

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला म्हणते, गॅसवाल्याला म्हणते. आमच्याकडे याला नावाड्याचं आमंत्रण म्हणतात. नावाडी भर नदीत होडीत भाकरी खात असतो आणि काठावरच्या माणसाला हाक घालतो, 'या जेवायला!' काठावरचा काय पोहत येणार? तो छातीला हात लावून म्हणतो, 'देव तुमचं ताट भरलेलं ठेवो,' आणि आपल्या वाटेनं जातो. दोघांचीही इभ्रत राहते.

मी थांबले. तिनं छातीला हात लावायला हवा होता, म्हणजे शब्दांनी तरी. देव तुमचं घर भरलेलं ठेवो, एवढंच.

"कधी?" ती म्हणाली.

माझी जीभ आपसूक पुढं गेली. तिला तेवढंच येतं. "कधीही! आज या, उद्या या! विचारायचं काय त्यात? घर तुमचं, चूल तुमची, लेक तुमची."

दोरी हलली. टोपली वर जाऊ लागली.

"बरं," ती म्हणाली.

५

गुरुवारी वर आवाज नव्हता. मी अकरा पावलं चालले, छत गप्प. दार आपटलं, गप्प. टोपली दिवसभर आली नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी लुत्फीबरोबर कट्ट्यावर जाऊन बसले आणि अर्धं कलिंगड एकटीनं संपवलं.

येताना पाव घ्यायला थांबले. वहीबचाचा म्हणाला, "अरेच्चा! गेला नाहीत?"

"कुठं?"

"तांत्याला. सकाळी बॅग घेऊन उभ्या होतात ना इथं. गाडी सिदी गाबेर स्टेशनहून मिळेल का, विचारत होतात. मी म्हटलं, बाई तर उन्हाळा अर्धा टाकून निघाल्या."

"मी?"

"मग काय मी?" तो हसला. "माझी चेष्टा करता होय?"

त्याच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड. सकाळी ऊन समोरून येतं, दुकानातल्याला बाहेरची माणसं काळीच दिसतात. माझ्या वयाच्या, माझ्यासारखा रुमाल बांधणाऱ्या बाया या गल्लीत वीस असतील. हे सगळं मी जिना चढता चढता स्वतःला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर पोचले, आणि तिथं न थांबता चौथ्यावर गेले. का गेले ते मलाच माहीत नाही.

दार उघडंच होतं. आत सामान नव्हतं. खाट नाही, चूल नाही, भांडं नाही. फरशीवर धूळ होती आणि धुळीत वाटा पडलेल्या होत्या. स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत एक, बिछान्याची कड जिथं असेल तिथून न्हाणीघरापर्यंत एक. दोन्ही पायांखाली घासून घासून चकचकीत झालेल्या. बाकी सगळीकडे धूळ जशीच्या तशी होती.

मी खाली आले ती दोन-दोन पायऱ्या गाळत आले. लुत्फीला सांगितलं. तो म्हणाला, "रिकामी झाली जागा, बाई गेली, सुटलीस. आणखी काय हवंय तुला?"

६

शुक्रवारी दुपारी फोन केला. नीनांनी उचलला.

"नीना, मी रावया."

"कोण?"

"रावया. तुमची सून. लुबना कशी आहे?"

"रावया न्हाणीघरात आहे," नीना म्हणाल्या. "कोण बोलतंय? काही निरोप आहे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळखतेच ना मी त्यांना. पोरीला टाकून गेले म्हणून हा टोमणा होता. खऱ्या आया घरी असतात, तू कोण कुठली, असं. नीना असल्या बाबतीत पक्क्या आहेत. एकदा महिनाभर त्यांनी मला माझ्या जावेच्या नावानं हाक मारली होती.

"झाली का हौस?" मी म्हणाले. "पोरीला द्या."

"अहो बाई, नंबर चुकलाय तुमचा," त्या म्हणाल्या, आणि ठेवला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो अनोळखी माणसाशी बोलतानाचा, अदबीचा आवाज होता. माझ्याशी त्या लग्नापासून कधी असं बोलल्या नव्हत्या.

रात्रभर मी त्या आवाजाचा हिशेब लावत राहिले. शनिवारी सकाळी नऊला दुकान उघडताच पुन्हा फोन लावला. या वेळी लुबना होती.

"लुबना! मी बोलतेय."

मागे भांडी वाजत होती, पाणी उकळत होतं. कुणीतरी सुरीनं भराभर कांदा चिरत होतं, बारीक, न थांबता.

"तुम्ही कोण?" ती म्हणाली.

"तुम्ही काय? आई आहे मी तुझी!"

"आई तर इथं आहे. अंडी उकडलीत. शिदोरी बांधतेय."

"कसली शिदोरी?"

"गुपित आहे," लुबना म्हणाली, आणि खुदकन हसली. मग मागून हाक आली. शेवटचं अक्षर लांबवलेली, जिन्यातून मारल्यासारखी. फोन कट झाला.

मी तशीच कट्ट्यावर धावले. लुत्फी गळ सोडायला तयार होईना. "आईनं पोरीला शिकवून ठेवलंय. दोघी मिळून तुझी खोड मोडतायत. आणि तू मोडूनही घेतेस."

"मी जाते."

"जा. बघून ये एकदाची. जमलं तर घेऊनच ये पोरीला, सूज तर उतरलीये. मी आहे इथंच." त्यानं माझ्या गालाला हात लावला. "इतकी कशी गं थरथरतेस?"

७

दहाची गाडी उशिरा सुटली. डब्यात उकाडा, पंखे बंद, माणसावर माणूस. मी खिडकीशी उभी राहून एकेक शक्यता खोडत होते. लहान मुलं खेळ करतात. म्हाताऱ्या खुनशी असतात. शेजारची सून येऊन कांदा चिरत असेल. हाक मारायची लकब माझी एकटीचीच थोडी आहे? प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. सगळ्या उत्तरांची बेरीज मात्र काही केल्या जमत नव्हती.

वाटेत दमनहूरला गाडी थांबली. शेजारच्या रुळावर अलेक्झांड्रियाकडे जाणारी गाडी उभी होती, इतकी जवळ की हात लांबवला तर शिवता आली असती. समोरच्या खिडकीत एक मुलगी होती. हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं. ती उकडलेलं अंडं खात होती आणि कुणाला तरी काहीतरी सांगत होती, भान हरपून, हातवारे करून. तिच्या पलीकडे एक बाई पाठमोरी बसली होती. बाईच्या अंगावर बदामी रंगाचा, खांद्याशी उसवून पुन्हा शिवलेला झगा होता.

तसला झगा माझ्याकडे आहे. घरी, कपाटात.

"लुबना!" मी ओरडले. गाडीच्या शिटीत आवाज बुडाला. मुलीनं मान वळवली नाही. बाईनं वळवायला सुरुवात केली, हळूहळू, आणि तेवढ्यात गाड्या हलल्या. कान दिसला, गालाची कड दिसली. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, मीच मिटून घेतले. पूर्ण चेहरा बघायची माझी छाती झाली नाही.

शेजारची म्हातारी म्हणाली, "काय झालं गं पोरी? कुणी ओळखीचं होतं?"

"नाही," मी म्हणाले. गालगुंड पुष्कळ पोरांना होतं.

८

दार नीनांनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाडी चुकली? आणि लुबना कुठाय?"

"नीना, तुम्हीच सांगा ती कुठाय!"

"अगं, असं काय करतेस? सकाळी तूच तर घेऊन गेलीस. समुद्र दाखवून आणते म्हणालीस. लुत्फी एकटा आहे, त्यालाही बरं वाटेल, म्हणालीस." त्यांनी डोळे बारीक केले. "आणि चेहऱ्याला काय झालं तुझ्या? सकाळी इतकी छान दिसत होतीस."

मी त्यांना ढकलून आत गेले. स्वयंपाकघर लख्ख होतं. ओट्यावर उरलेला कांदा झाकून ठेवला होता, केसासारखा बारीक. चहाच्या कपात पुदिना तळाशी होता. बिछान्यावरची चादर डोक्याकडून दुमडलेली. कपाटात बदामी झगा नव्हता.

नीना मागोमाग येत होत्या. "तीन दिवस किती गुणाची वागलीस गं. पोरीजवळ बसून राहिलीस, एकदा आवाज चढवला नाहीस. गुरुवारी दारात उभी राहिलीस तेव्हा मी मनात म्हटलं, चला, हिला एकदाची लाज वाटली. पोर तुला सोडून हलत नव्हती. आणि आज पुन्हा हे काय?"

"ती मी नव्हते," मी म्हणाले.

"मग कोण होतं?" नीना म्हणाल्या.

मी वहीबचाचाला फोन लावला. दोनदा नंबर चुकला.

"चाचा, लुत्फीला बोलवा. धावत जा. त्याला सांगा, जी बाई येईल—"

"लुत्फीसाहेब काय, सगळेच आलेत की इथं," चाचा म्हणाला. "पोरीला पोहायची रिंग घेतायत. साहेब बाहेर फुगवतायत ती. बाई टॉवेल आणायला वर गेल्यात. आपण कोण? थांबा, मुलगीच आहे जवळ. घे गं, तुमच्या गावाहून आहे वाटतं."

"हॅलो?" तिचा आवाज आला. धापा टाकत होती. मागे गल्लीचा कल्ला, मासेवाल्याची आरोळी, आणि बंदराचा भोंगा.

"लुबना. मी आई."

मग तोंड फोनच्या अगदी जवळ आणून, कुणाला ऐकू जाऊ नये अशी ती बोलली.

"माहितीये मला."

"माहितीये? मग ऐक, राजा. बाबांजवळ जा. त्यांचा हात घट्ट धर, सोडू नकोस. त्यांना सांग, आईनं फोन केलाय. ती खाली यायच्या आत सांग. मी निघालेच, दोन तासांत पोचते."

"नको."

"काय नको?"

"तू येऊ नकोस. तू आलीस की ती जाईल."

"लुबना, ती कोण आहे तुला ठाऊक तरी आहे का?"

"नाही," लुबना म्हणाली. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिनं सांगितलं. "मी तुला म्हटलं होतं, मला ने. तू नाही नेलंस. तिला तर मी म्हटलंसुद्धा नव्हतं."

"लुबना—"

जिन्यात चपला वाजल्या. फोनमधून मला ऐकू आल्या. मी मोजायला लागले, सवयच ती, आणि अकराव्याला त्या थांबल्या.

"आले गं आई!" लुबना फोनपासून तोंड फिरवून म्हणाली आणि तिनं फोन नीट जागेवर ठेवला. आवाज आनंदाचा होता. खोटं कशाला बोलू? इतक्या आनंदानं तिनं मला आठ वर्षांत कधी हाक मारली नव्हती.